एक अक्षर जास्त

माझ्या सासऱ्यांना हिब्रू वाचता येत नाही, हे मला लग्नानंतरच्या दुसऱ्याच शनिवारी कळलं. आम्ही बेने इस्राएल आमच्या प्रार्थनेच्या जागेला मशीदच म्हणतो. ठाण्याची मशीद तेव्हा नवी होती, भिंतींचा चुन्याचा वास अजून गेला नव्हता. बायका वर सज्जात बसत. तिथून खाली पुरुषांच्या टोप्या आणि हातांतली उघडी पुस्तकं दिसत. सासरे पुढच्या रांगेत होते, पलटणीत उभे असल्यासारखे ताठ. ओठ हलत होते, पण नजर पुस्तकावर नव्हती. शेजारच्या माणसाच्या बोटांवर होती. त्यानं पान उलटलं की तेही उलटत. मध्येच त्या शेजाऱ्याच्या हातून दोन पानं एकदम उलटली गेली, तशी सासऱ्यांनीही दोन उलटली. त्यानं एक परत घेतलं, ह्यांनीही घेतलं. मला हसू आलं नाही. एवढा मोठा माणूस, सुभेदार म्हणून पेन्शनीत निघालेला, आणि किती वर्षं असा बसत असेल, ह्याचा विचार करत मी तशीच खाली बघत राहिले.

पुढे त्यांनीच मला सांगितलं. कुठल्याशा छावणीत असताना एक गोरा पाद्री आला होता. ह्या पलटणीत यहुदी आहेत हे कळल्यावर त्यानं सासऱ्यांना बोलावून घेतलं, एक पुस्तक हातात दिलं आणि म्हणाला, ही तुमची भाषा, थोडं वाचून दाखवा. सासरे चार लोकांत ते पुस्तक धरून उभे राहिले. मग पाद्र्यानं ते त्यांच्या हातून घेतलं, उलटं होतं ते सुलटं केलं, आणि स्वतःच वाचलं. "त्याला येत होतं आणि मला येत नव्हतं," सासरे म्हणाले. मुलगा झाला तेव्हाच त्यांनी ठरवून टाकलं होतं की हा शिकेल.

तो मुलगा म्हणजे माझा नवरा. स्वभावानं मऊ, अक्षर मोत्यासारखं, इंग्रजी चांगलं, गणित त्याहून चांगलं. त्यांच्या वर्गातली ब्राह्मणांची मुलं मॅट्रिकला दुसरी भाषा म्हणून संस्कृत घेत. ह्यांना सासऱ्यांनी हिब्रू घ्यायला लावलं. त्यासाठी दर रविवारी मुंबईहून एक म्हातारे गुरुजी येत. ते मूळचे कोचीनचे, मराठी तुटकं बोलत, पण व्याकरणात पक्के. माझं लग्न झालं तेव्हा हे एकदा मॅट्रिकला बसून नापास झालेले होते, आणि फक्त हिब्रूत.

मी शीळच्या पुढच्या एका खेड्यातली. माझे वडील तेलाचा घाणा चालवत. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव आम्हांला शनवारतेली म्हणे. मराठी तिसरीपर्यंत मी शाळेत गेले होते, म्हणजे बालबोध वाचता येई. गुरुजी शब्दांची यादी लिहून देत, उजवीकडून डावीकडे हिब्रू शब्द आणि खाली बालबोधात उच्चार व अर्थ. ती यादी माझ्या हातात देऊन हे परसात येरझाऱ्या घालत आणि पाठ म्हणत. मी ओट्यावर धान्य निवडत बसलेली असे, यादी मांडीवर. चुकले की मी "हं हं" करायचं, एवढंच माझं काम.

चुकायचे ते नेहमी एकाच ठिकाणी. नियम सोपा होता. पुल्लिंगी शब्दाचं अनेकवचन करताना शेवटी 'ईम' लावायचं, स्त्रीलिंगी शब्दाला 'ओथ'. नियमाचे शब्द ह्यांना झोपेतही आले असते. पण त्या भाषेत नियम न मानणारे शब्द फार, आणि तेच नेमके रोजचे. बाप म्हणजे आव्ह, आणि अनेक बाप म्हणजे आव्होथ, बायकांचं शेपूट लावून. बाई म्हणजे इशा, आणि बाया म्हणजे नाशीम. शेपूट पुरुषांचं, आणि आधीचा शब्दही ओळखू येईनासा झालेला. शहर स्त्रीलिंगी, पण अनेक शहरं आरीम. गुरुजी बजावून सांगत की शेवट बदलला तरी शब्दाचं लिंग बदलत नाही. आव्होथ झाले तरी बाप पुरुषच राहतात, त्यांच्यापुढे विशेषण यायचं ते पुरुषाचं. हे ऐकायला सोपं होतं. पण हे बोलायला लागले की त्यांच्या कानाला शेवट ऐकू येई आणि जीभ तिकडे वळे.

मी कधी पाठ करायला बसले नाही. ऐकून ऐकून माझ्या डोक्यात ते आपोआप जागा धरून बसलं. सुपात गहू असले की मला हित्ता आठवे, मसूर असली की अदाशा. जव सेओरा, अंडं बेत्सा. हे सगळे स्त्रीलिंगी, आणि ढीग झाला की हित्तीम, अदाशीम, सेओरीम, बेत्सीम. म्हणजे कोठीतल्या जिनसांना पुरुषांचं शेपूट, असं मी ठरवून टाकलं. मुंगी नेमाला, मधमाशी देवोरा, ह्या थव्यानं आल्या की त्यांनाही तेच. वर्ष म्हणजे शना, अनेक वर्षं म्हणजे शनीम. तेही मी कोठीतच टाकलं. खिडकी, म्हणजे खलोन, मात्र उलटी. ती पुल्लिंगी, आणि तिला शेपूट बायकांचं.

हे मी एकदा ह्यांना सांगितलं तर पोट धरून हसले. म्हणाले, परीक्षेच्या हॉलात सूप घेऊन जाऊ का. पण दुसऱ्या दिवशी त्या चार शब्दांत चुकले नाहीत. ते दिवस चांगले होते. संध्याकाळी हे मला अक्षरं दाखवत, चुलीतल्या कोळशानं फरशीवर काढून, आणि मी ती पायानं पुसायच्या आधी दोनदा बघून घेई. सासरे हातात तपकिरीची डबी घेऊन झोपाळ्यावर बसलेले असत. आम्हां दोघांकडे बघून त्यांना बरं वाटे. वर्षभरात मला वाचता यायला लागलं. अर्थ सगळा लागत नसे, पण वाचता येई.

मग तो रविवार आला. गुरुजी माजघरात बसले होते, समोर हे, बाजूला सासरे. मी आत स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते. गुरुजींनी विचारलं, मोठ्या खिडक्या, सांगा. हे म्हणाले, खलोनोथ गेदोलोथ. गुरुजी म्हणाले, विचार करा. हे गप्प. गुरुजींनी पुन्हा विचारलं. हे गप्पच. मला ते गप्प राहणं सहन होईना की काय झालं कोण जाणे, हात पिठात असताना माझ्या तोंडून गेलं, "गेदोलीम."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा मी भानावर आले. मग गुरुजींचा आवाज आला. ते सासऱ्यांना म्हणाले, "सुभेदार, परीक्षा तुमच्या सुनेनं द्यायला हवी होती."

सासरे मोठ्यानं हसले. त्यांच्या हसण्यात कौतुक होतं, मुलाला दुखवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. गुरुजीही चांगल्या मनाचे होते. पण मी दाराच्या फटीतून ह्यांच्याकडे बघितलं. हे हसत होते, आणि कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

त्या दिवसापासून ह्यांनी यादी माझ्या हातात दिली नाही. भांडण नाही, रागाचा शब्द नाही. परसात जाऊन एकटे पाठ म्हणत, भिंतीकडे तोंड करून. मी धान्य घेऊन बाहेर बसले की आत येत. मी आत आले की मासुंद्याच्या तळ्यावर फिरायला जात. मी मुद्दाम एकदा चुकीचं बोलून बघितलं, म्हणजे ह्यांना मला सुधारता येईल. त्यांनी सुधारलं नाही. मी मुद्दाम चुकले हे त्यांना कळलं होतं.

त्या वर्षी हे दुसऱ्यांदा नापास झाले, पुढच्या वर्षी तिसऱ्यांदा. दोन्ही वेळा हिब्रूतच. तिसऱ्या खेपेला पास झालेल्यांची यादी छापून आली, ती बघायला सासरे स्वतः स्टेशनवर गेले होते. ते परत आले, पागोटं खुंटीला लावलं, आणि म्हणाले, रेल्वेत माणसं घेताहेत म्हणतात. एवढंच. हे कल्याणला मालाच्या कचेरीत कारकून लागले. सकाळच्या गाडीनं जात, दिवेलागणीला येत. गुरुजींचं येणं थांबलं. काही महिन्यांनी ते कोचीनला परत गेले असं ऐकलं. त्यांच्या याद्यांचा गठ्ठा फडताळात वरच्या खणात पडला. आम्हांला एक मुलगी झाली. दिवस जायचे तसे जात राहिले.

मी मात्र वाचायचं सोडलं नाही. हे कामावर गेले की गठ्ठा काढी, तासभर बघे, आणि होता तसा ठेवून देई. ह्याचा काय उपयोग, असं मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. बायकांनी वाचून दाखवायची जागा आमच्यात कुठेच नव्हती. सज्जात बसून मी खालच्या पुरुषांच्या चुका ऐकत असे. वाचन चालवणारा आमचा हजान घडाघडा वाचे, आवाज गोड, पण पाठ झालेलं तेवढंच. त्याला व्याकरण विचारलं असतं तर तोही भिंतीकडे तोंड करून उभा राहिला असता.

पाच-सहा वर्षांनी सासरे आजारी पडले. पाय सुजले, दम लागायला लागला, मशिदीत जाणं बंद झालं. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली, उशाखालून प्रार्थनेचं पुस्तक काढलं आणि एक पान उघडून दिलं. पुस्तक सुलटं होतं. म्हणाले, "तुला येतं ना, हे वाच. शनिवारी हे पान आलं की सगळे हळू म्हणतात. मला नेहमी वाटायचं, ह्यात काहीतरी मोठं असणार."

मी वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी अर्थ विचारला. मला पाचातला एखादाच शब्द कळत होता. ते शब्बाथच्या जुन्या अर्पणाचं वर्णन होतं, मंदिर होतं त्या काळातलं. दोन कोकरं, मैद्याचं माप, आणि मैद्यात कालवलेलं तेल. मला कळलं तेवढं मी सांगितलं.

"तेल?" ते म्हणाले.

"हो बाबा. शेमेन म्हणजे तेल."

ते म्हणाले, माझा बाप घाणा चालवता चालवता मेला, मी तो टाकून पलटणीत गेलो, आणि इतकी वर्षं जे पान हातात धरलं त्यात तेलच होतं. हे त्यांनी आनंदानं म्हटलं की दुःखानं, ते मला तेव्हाही कळलं नाही. त्यानंतर रोज दुपारी मी त्यांना थोडं वाचून दाखवत असे. हे घरी यायच्या आत पुस्तक उशाखाली जाई. त्याला सांगू नकोस, असं ते म्हणाले होते. न सांगताही मी सांगणार नव्हतेच.

जायच्या आठवडाभर आधी त्यांनी ह्यांना जवळ बोलावून सांगितलं की माझ्या कबरीवर हिब्रूत लिहा. आमच्याकडे बहुतेकांच्या दगडावर नुसतं मराठी असे. खाली मराठी असू दे, ते म्हणाले, पण वर हिब्रू पाहिजे, आणि ते तू लिहिलेलं पाहिजे. ह्यांनी मान हलवली. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते त्र्याहत्तराव्या वर्षी गेले.

वर्षश्राद्धासारखा आमच्यातही वर्षाचा दिवस असतो, त्याच्या आत दगड बसवायचा होता. ह्यांनी जुना गठ्ठा फडताळातून काढला. सहा वर्षांत पहिल्यांदा. दोन रविवार बसून एका मोठ्या कागदावर मजकूर लिहिला. अक्षर इतकं सुंदर की छापल्यासारखं. सोमवारी सकाळी हे आंघोळीला गेले असताना तो कागद मेजावर होता आणि मी तो वाचला. वर नाव, त्याखाली बापाचं नाव, तिसऱ्या ओळीत वय. सत्तर आणि तीन वर्षं.

त्या तिसऱ्या ओळीत चूक होती. हिब्रूत आकड्यालाही लिंग असतं. आपण नाही का, पुरुष असले तर तिघे म्हणतो आणि बायका असल्या तर तिघी, तसंच. तीनला पुल्लिंगी शब्दापुढे शेलोशा म्हणतात आणि स्त्रीलिंगी शब्दापुढे शालोश. वर्ष हा शब्द स्त्रीलिंगी. पण शनीमचा शेवट पुरुषी, आणि ह्यांच्या कानानं पुन्हा शेवटच ऐकला होता. लिहिलं होतं शेलोशा. शालोश करायचं तर नवीन काही लिहायलाही नको होतं. शेवटचा एक 'ह' काढून टाकला की झालं. एक अक्षर जास्त होतं.

हे डोकं पुसत बाहेर आले तेव्हा मी तिथेच उभी होते. मी ठरवलं की सांगायचं.

मी म्हटलं, "तिसऱ्या ओळीत एक अक्षर जास्त झालंय. शना स्त्रीलिंगी आहे."

त्यांनी कागदाकडे बघितलंही नाही. "मॅट्रिकला ह्या घरातून कोण बसलं होतं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

"मग?"

मी म्हटलं, यादी काढून बघा, गुरुजींच्या हातचं लिहिलेलं आहे. ह्यांनी कागदाची घडी घातली, ती कोटाच्या खिशात ठेवली, आणि न जेवता गाडीला गेले. त्यांनी यादी बघितली असती तर त्यांना पटलं असतं. ते मूर्ख नव्हते. पण ती यादी एकदा माझ्या मांडीवर होती, हेच त्यांना नको झालं होतं.

पाथरवट कोलशेतच्या वाटेवर बसत असे. आठवड्यानं मी मुलीला शेजारणीकडे ठेवलं आणि दुपारची एकटी तिथे गेले. काय करायला जातेय हे मी स्वतःशीही नीट बोलले नव्हते. सासऱ्यांचा दगड बघायचाय, असं त्याला सांगितलं. त्यानं पोतं बाजूला केलं. सगळी अक्षरं गेरूनं उमटवलेली होती. पहिल्या दोन ओळी कोरून झाल्या होत्या, तिसरी नुसती गेरूत. पाथरवट म्हातारा होता, त्याला ही अक्षरं म्हणजे चित्रंच. मी त्या ओळीकडे बघत उभी राहिले, ते त्यानं ओळखलं. हातातली छिन्नी खाली ठेवून म्हणाला, "काय चुकलंमाकलं असंल तर आत्ताच सांगा बाई. अजून टाकी लागली नाय त्याला. ओल्या फडक्यानं पुसलं की गेलं."

मी त्या अक्षरावर बोट ठेवलं. म्हणजे जवळजवळ ठेवलं. आणि मनात सगळं एकदम येऊन गेलं. दगडावर एक अक्षर कमी दिसलं की हे पाथरवटाला विचारतील. तो म्हणेल, बाई येऊन गेल्या. मग हे घरी येतील. बापानं मरताना दिलेलं एवढं एकच काम, आणि त्यातही बायकोनं हात घातला. दुसरा विचारही आला, तो जास्त वाईट होता. मला वाटलं, ठाण्यात हे वाचणार कोण आहे? कोणालाच कळणार नाही. सासऱ्यांना तर नाहीच.

मी म्हटलं, "नाही, बरोबर आहे."

त्यानं छिन्नी उचलली. मी घरी आले.

वर्षाच्या दिवशी दगड बसला होता. सगळे कबरस्तानात जमले, पुरुष पुढे, आम्ही बायका मागे. मशिदीचा कारभार बघणाऱ्या मुकादमांकडे मुंबईहून एक पाहुणे आले होते, तिथल्या शाळेत हिब्रू शिकवत. हजाननं प्रार्थना म्हटली. ती संपल्यावर पाहुणे दगडाजवळ गेले आणि सहज म्हणून मोठ्यानं वाचायला लागले. नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं, तिसऱ्या ओळीवर थांबले. पुन्हा वाचलं. मग मुकादमांना म्हणाले, अक्षर फार सुरेख आहे, कोणी लिहिलं? मुकादमांनी ह्यांच्याकडे हात केला.

पाहुण्यांनी ते चांगल्या शब्दांत सांगितलं. एक बारीकशी चूक राहिलीय, पुष्कळांची होते, मोठमोठ्यांचीही होते. लोकांना कळेना, तेव्हा त्यांनी मराठीत समजावलं, तिघी म्हणायचं तिथे तिघे म्हटल्यासारखं झालंय. पुरुषांतून कोणीतरी हसलं. दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. ह्यांनी पाहुण्यांकडे बघितलं नाही, हसणाऱ्याकडे बघितलं नाही. पुरुषांच्या रांगेतून मागे वळून त्यांनी मला शोधलं आणि माझ्याकडे बघितलं.

घरी आल्यावर ह्यांनी पायांतले जोडेही काढले नाहीत. दारातच उभे राहून म्हणाले, "त्यांना तू सांगितलंस."

मी म्हटलं, मी त्या पाहुण्यांना आज पहिल्यांदा बघितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. मुकादमांच्या बायकोकडून सांगितलं असशील, म्हणाले. मी शपथ घेतली. तरी नाही. तेव्हा माझं म्हणणं खरं ठरवायचं म्हणून, आणि दुसरं काही सुचेना म्हणून, मी जे कधी सांगायचं नव्हतं ते सांगून बसले.

"मला चूक दाखवायचीच असती तर मी आधीच थांबवलं असतं. पाथरवटानं मला विचारलं होतं. अक्षर गेरूत होतं. मी नाही म्हणाले."

ह्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. रागाचा नव्हता. ते हळूच खाली उंबरठ्यावर बसले. मग म्हणाले, "तिथवर गेलीस. मग का नाही पुसलंस?"

"तुमच्यासाठी," मी म्हटलं.

"माझ्यासाठी," ते म्हणाले, आणि मग, "यापुढे माझ्यासाठी काही करू नकोस."

मला पुष्कळ वर्षं वाटत राहिलं की हे ते रागाच्या भरात बोलले. पण तो राग असता तर उतरला असता. ह्यांनी मनापासून सांगितलं होतं आणि तसंच वागले. आपलं ताट आपण वाढून घेत. सदऱ्याचं बटण तुटलं तर स्वतः लावत. मुलीशी बोलत, शेजाऱ्यांशी बोलत, माझ्याशीही कामापुरतं नीट बोलत. बाहेरच्या कोणाला काही दिसलं नसतं.

मी पाथरवटाकडे पुन्हा गेले होते. काही करता येईल का विचारलं. तो म्हणाला, कोरलेलं अक्षर काढता येत नाही, भरलं तर पावसात निघून येईल. सगळा दगड बोटभर खाली घासून नव्यानं लिहायचा तर होईल. ते मी ह्यांना सांगितलं. "राहू दे," ते म्हणाले. दगड तसाच आहे.

वर्षभरात आम्ही ठाण्याचं घर सोडून कल्याणला गेलो, कचेरीजवळ दोन खोल्या घेतल्या. सामान बांधताना फडताळातला वरचा खण रिकामा होता. गठ्ठा कुठे गेला ते मी विचारलं नाही. शब्बाथला दिवा मी लावी, हे समोर बसत, मुलगी मध्ये. मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा मी एकदाच म्हणाले की हिला अक्षरं शिकवू का. हे म्हणाले, तिला मराठी पुरे. मी शिकवलं नाही. शिकवायचं म्हटलं असतं तर ह्यांनी मला अडवलं नसतं, हे मला आज कळतं. ते मला कशालाच अडवत नव्हते.

कल्याणला ताप आला, गाठीचा, म्हणजे प्लेग, तेव्हा सरकारनं घरं रिकामी करायला लावली आणि लोक माळावर झोपड्या घालून राहिले. ह्यांना तिथेच ताप भरला. तीन दिवस होते. तिसऱ्या दिवशी दुपारी ते शुद्धीवर होते, मी पाण्यात फडकं बुडवून कपाळावर ठेवत होते. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्यांनी ते फडकं माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच कपाळावर धरलं. हातात जोर नव्हता, फडकं घसरत होतं. मी ते उचलून परत ठेवलं की ते पुन्हा हात वर करत. संध्याकाळी गेले. त्या दिवसांत मृतांची घाई असे. कुठे नेलं ते दाखवलं, पण दगड बसवायची ती जागा नव्हती.

आता मी मुलीकडे डोंबिवलीला असते. जावई स्टेशनात कामाला आहे. गाव लहान, भाताची शेतं, आणि आमच्या लोकांचं हे एकच घर. प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात, इथे एक आहे. मोठ्या सणाला जावई ठाण्याला जातो, मला चला म्हणतो, मी जात नाही.

शब्द बहुतेक गेले. कोणाशी बोलायचे नाहीत, लिहायचे नाहीत, मग राहणार कसे. मसूर निवडताना अदाशा आठवते, पण जव म्हणजे काय ते मधूनमधून निसटतं. परवा दिवसभर मधमाशीचं नाव शोधत होते. संध्याकाळी आठवलं, तर त्याचं अनेकवचन कसं होतं ह्याची खात्री वाटेना. चूक की बरोबर, हे सांगणारं कोणी नाही.

मुलीकडे एक नवीन छापलेलं प्रार्थनेचं पुस्तक आहे. त्यात सगळं हिब्रू बालबोध अक्षरांत उतरवून दिलेलं आहे, म्हणजे ज्याला मराठी येतं त्याला वाचता येतं. ती शुक्रवारी संध्याकाळी ते घेऊन बसते आणि भरभर वाचते, कुठेही न अडखळता. काल मी तिला विचारलं, ह्याचा अर्थ सांगू का, मला आठवेल तेवढा. म्हणाली, राहू दे आई, दूध उतू जाईल, मला लवकर संपवायचंय.